मृत्यूच्या दरीतला हिवाळा

१/
अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, पूर्व सीमेलगत, डेथ व्हॅली नावाची लांबट दरी आहे. तिचा सर्वांत खोल भाग, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी या दरीतील फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक उच्चांक म्हणून आजही तोच आकडा मान्य आहे. असे असूनही ‘मृत्यूची दरी’ हे नाव तिला उन्हाळ्याने दिलेले नाही. ते १८४९-५० च्या ऐन हिवाळ्यात पडले.

२/
आज नोव्हेंबर ते मार्च या काळात असंख्य प्रवासी मोटारीने डेथ व्हॅली, मोहावी आणि जोशुआ ट्री या संरक्षित वाळवंटांची फेरी करतात. निघण्यापूर्वी प्रत्येकाला तीन प्रश्न सोडवावे लागतात : कधी निघायचे, पाणी कुठे मिळेल आणि वाट कोणती धरायची. हे तिन्ही प्रश्न या भूमीइतकेच जुने आहेत. १८४९ च्या एका तांड्याने पहिल्याचे उत्तर बरोबर दिले आणि तिसऱ्याचे चुकवले. त्या तांड्याची आणि त्याच्या आधी व नंतर येथे वावरलेल्या माणसांची ही हकिकत.

३/
या प्रश्नांची सर्वांत जुनी उत्तरे टिंबिशा शोशोनी लोकांपाशी होती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. हिवाळ्यात दरीच्या तळाशी, झऱ्यांच्या आसपास मुक्काम. ऊन तापू लागले की मेस्किटच्या शेंगा गोळा करायच्या आणि भोवतालच्या डोंगरांवर, गारव्याला जायचे. शरद ऋतूत उंचावरच्या पिन्यन पाइन वृक्षांच्या बिया वेचायच्या आणि थंडी वाढली की पुन्हा खाली उतरायचे. त्यांच्या दृष्टीने ही दरी म्हणजे हिवाळ्याचे घर होते. मृत्यूशी तिचे नाव जोडण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

४/
हिवाळ्याचे हेच गणित न्यू मेक्सिकोच्या व्यापाऱ्यांनीही मांडले होते. ७ नोव्हेंबर १८२९ रोजी अँटोनियो आर्मिहो सुमारे ६० माणसे आणि खेचरांचा तांडा घेऊन आबिक्यू गावाहून निघाला. मजल दरमजल करीत ८६ दिवसांनी, ३१ जानेवारी १८३० रोजी, तो लॉस एंजेलिसजवळच्या सान गाब्रिएल मिशनला पोहोचला. पुढे ‘ओल्ड स्पॅनिश ट्रेल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वाटांवरून दरवर्षी असे तांडे जाऊ लागले. शरदात लोकरी घोंगड्या घेऊन पश्चिमेस जायचे आणि वसंतात घोडे व खेचरे हाकीत परतायचे, असा त्यांचा क्रम असे.

५/
या वाटेला सरळ म्हणता येत नाही. ती वळसे घेते, मागे येते, डोंगरांना बगल देते. नकाशावर पाहणाऱ्याला तो वळसा निरर्थक वाटेल. पण वाट जेथे वळते तेथे पाणी असते. एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत जनावरे जेवढे चालू शकतील तेवढीच मजल, हा तिचा नियम होता. वाळवंटातील अंतर मैलांत मोजून चालत नाही, ते दोन पाणवठ्यांमधील तहानेत मोजावे लागते. पुढचा सारा अनर्थ हे न उमगल्यामुळे घडला.

६/
जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि १८४९ मध्ये हजारो लोक बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाले. ज्यांना उशीर झाला ते शरदाच्या सुमारास सॉल्ट लेकपाशी अडकले. पुढे सिएरा नेवाडाची बर्फाळ पर्वतरांग होती. तीन वर्षांपूर्वी, १८४६-४७ च्या हिवाळ्यात, डॉनर यांचा तांडा त्याच पर्वतात बर्फात कोंडला गेला होता. त्यातील सुमारे ८७ माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली आणि जगलेल्यांपैकी काहींनी मृतांचे मांस खाल्ले. ही वार्ता प्रत्येकाच्या कानी होती.

७/
त्यामुळे दक्षिणेचा लांब पण बर्फरहित मार्ग निवडण्यात आला. मॉर्मन बटालियनमधील अनुभवी वाटाड्या जेफरसन हंट याने दर गाडीमागे १० डॉलर घेऊन तांडा लॉस एंजेलिसपर्यंत नेण्याचे मान्य केले. ऑक्टोबर १८४९ मध्ये शंभराहून अधिक गाड्या निघाल्या. इथवरचे नियोजन निर्दोष होते. ऋतू अनुकूल होता, वाट वाहती होती आणि वाटाड्या तिच्यावरून जाऊन आलेला होता.

८/
मात्र एवढा मोठा तांडा हळू चालतो. कुरबुर सुरू झाली. त्याच सुमारास ओर्सन स्मिथ नावाच्या माणसाची खेचरांची तुकडी येऊन मिळाली. तिच्याजवळ एक नकाशा होता. थेट पश्चिमेकडे वळल्यास वॉकर खिंडीमार्गे शेकडो मैल वाचतील, असे त्यावरून दिसत होते. वास्तविक त्या प्रदेशाची पाहणी करून कोणीही नकाशा केलेला नव्हता. जॉन फ्रेमाँटच्या १८४८ च्या प्रसिद्ध नकाशातही या विस्तीर्ण खोलगट भूभागाचे अंतरंग जवळजवळ अज्ञात असल्याचे नमूद होते.

९/
नोव्हेंबरच्या आरंभी वाट फुटली. बहुतेक गाड्या हंटला सोडून नव्या दिशेने वळल्या. हंटला दिलेला शब्द त्याने पाळला. मागे राहिलेल्या मोजक्या गाड्या घेऊन तो जुन्या वाटेने चालत राहिला. पश्चिमेकडे वळलेल्यांच्या पुढ्यात काही दिवसांतच खोल दरीचा कडा आला. गाड्या उतरवणे अशक्य होते. त्या ठिकाणाला ‘माउंट मिझरी’ असे नाव पडले. बहुसंख्य लोक शहाणपणाने मागे फिरले आणि हंटची वाट धरून सुखरूप पोहोचले. काही काळाने खुद्द स्मिथनेही ती दिशा सोडली.

१०/
तरीही दोन डझनांच्या आसपास गाड्या पुढेच गेल्या. कड्याला वळसा घालण्याची वाट सापडल्याची बातमी आली आणि माघार घेण्याचा क्षण हातचा गेला. या लोकांत इलिनॉयचे तरुण होते, ते स्वतःला जेहॉकर्स म्हणवीत. ब्रायर दांपत्य आणि त्यांचे तीन मुलगे होते. बेनेट आणि आर्कन ही मुलाबाळांची कुटुंबे होती. पुढील कित्येक आठवडे आजच्या नेवाडातील ओसाड पठारांवरून ते पश्चिमेकडे सरकत राहिले. चकवा लागलेल्या माणसासारखी त्यांची गत झाली. प्रत्येक डोंगररांग ओलांडली की तशीच दुसरी रांग समोर उभी राही.

११/
१८४९ च्या नाताळच्या सुमारास हे लोक डेथ व्हॅलीत उतरले. समोर पॅनामिंट पर्वताची भिंत होती. त्याची सर्वांत उंच टोके तीन हजार मीटरांहून अधिक उंच आहेत आणि हिवाळ्यात त्यांवर बर्फ असते. ते बर्फ पाहून अनेकांना वाटले की हाच सिएरा नेवाडा आणि पलीकडे सोन्याचा प्रदेश. प्रत्यक्षात सिएरा त्याच्याही पश्चिमेला होता. जेहॉकर्स उत्तरेकडे वळले. तेथे त्यांनी गाड्या मोडून जाळल्या, त्या आगीवर बैलांचे मांस वाळवले आणि पुढची वाट पायी धरली.

१२/
बेनेट आणि आर्कन कुटुंबे दक्षिणेकडे गेली. गाड्या पर्वतापार नेण्याचा प्रयत्न फसला आणि ती दरीतील एका झऱ्यापाशी परतली. अन्न म्हणजे हाडकुळे झालेले बैल. तेव्हा निर्णय झाला : दोन तरुणांनी पायी पुढे जावे, वस्ती शोधावी आणि मदत घेऊन परत यावे. विल्यम लुईस मॅनली आणि जॉन रॉजर्स तयार झाले. एक बैल मारून त्याचे मांस वाळवण्यात आले आणि त्यातले बहुतेक या दोघांच्या पाठपिशव्यांत भरले गेले. मागे राहणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडचा घास त्यांच्या परतीवर लावला होता.

१३/
पॅनामिंटच्या माथ्यावर चढल्यावर त्या दोघांना खरे अंतर दिसले. सिएराची हिमशिखरे अजून फार लांब होती आणि मध्ये आणखी वाळवंट पसरलेले होते. पाण्यावाचून त्यांची तोंडे इतकी कोरडी पडली की जवळ असलेले मांसही गिळवेना. एका ठिकाणी काचेइतका पातळ बर्फाचा पापुद्रा सापडला. तो वितळवून त्यांनी तहान भागवली आणि त्यामुळेच ते वाचले. हा पापुद्रा रात्रीच्या थंडीने जमलेला होता. दुसऱ्या कोणत्याही ऋतूत तो तेथे नसता.

१४/
सुमारे ४०० किलोमीटर चालून ते लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील सान फ्रान्सिस्को नावाच्या रँचोवर पोहोचले. भाषा कळत नसतानाही तेथील स्पॅनिशभाषक लोकांनी त्यांना अन्न दिले. तीन घोडे आणि एका डोळ्याने अधू असलेले एक खेचर घेऊन दोघे पुन्हा वाळवंटात शिरले. एका अरुंद घळीत उंच पायरीसारखा खडक आडवा आला. घोडे तो चढू शकले नाहीत. त्यांना तेथेच सोडावे लागले. खेचर मात्र खडकाच्या कडेने पाय रोवीत वर आले.

१५/
निघाल्यापासून २६ व्या दिवशी ते झऱ्याजवळ पोहोचले. वाटेत ओळखीच्या एका सहप्रवाशाचा मृतदेह दिसला. गाड्यांपाशी कोणतीही हालचाल नव्हती. मॅनलीने बंदुकीचा बार काढला, तेव्हा गाडीखालून माणसे बाहेर आली. इतर लोक वाट पाहून निघून गेले होते. मुले असलेली ही दोन कुटुंबेच थांबली होती. खरे पाहता या दोघा तरुणांचे तेथे कोणी नातलग नव्हते. ते परतले नसते तर त्यांना जाब विचारायलाही कोणी उरले नसते.

१६/
आता लहान मुलांना डोंगरापार न्यायचे होते. दोन जाड सदरे घेऊन त्यांचे गळे शिवले आणि खालच्या कडा एकमेकींना जोडल्या. अशी जोडपिशवी ‘ओल्ड क्रम्प’ नावाच्या शांत बैलाच्या पाठीवर टाकली आणि दोन्ही बाजूंना एकेक तान्हे मूल ठेवले. थोडी मोठी दोन मुले त्याच पाठीवर पट्टा धरून बसली. मार्च १८५० मध्ये हे सारे रँचोवर सुखरूप पोहोचले. दरी सोडताना, माथ्यावरून मागे वळून, त्यांच्यापैकी कोणीतरी तिचा ‘मृत्यूची दरी’ असा उल्लेख करून निरोप घेतला. तेच नाव रूढ झाले.

१७/
येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. या तांड्यातील काही जण दरी ओलांडल्यानंतर, पुढच्या वाळवंटात मरण पावले. दरीत मात्र एकच माणूस दगावल्याचे सामान्यतः सांगितले जाते. डिसेंबर-जानेवारीत येथे दिवसाचे कमाल तापमान सरासरी १८-१९ अंश असते. जुलैत ते ४७ च्या आसपास जाते. हेच लोक त्याच चुकीच्या नकाशाने उन्हाळ्यात उतरले असते, तर बहुधा कोणीही माघारी जाऊन ही हकिकत सांगू शकले नसते. नकाशाने बुडवले आणि ऋतूने तारले. मॅनलीने आपल्या आठवणी ‘डेथ व्हॅली इन फॉर्टीनाइन’ या नावाने १८९४ मध्ये प्रसिद्ध केल्या.

१८/
दुसरी विसंगती याहून खोल आहे. ज्या दिवसांत हे प्रवासी तहानेने व्याकूळ होते, त्याच दिवसांत टिंबिशा लोक हिवाळी मुक्कामाला त्याच परिसरात होते. पुढे ‘इंडियन जॉर्ज’ म्हणून ओळखले गेलेले शोशोनी ज्येष्ठ सांगत असत की, लहानपणी या अनोळखी गोऱ्या माणसांना पाहून ते पळून गेले होते. पाण्याची प्रत्येक जागा जाणणारे लोक भीतीने लपले आणि पाण्याच्या शोधातले लोक त्यांना शत्रू समजून हत्यारे सावरून बसले. हवी होती ती माहिती जवळच होती. ती विचारण्याइतका विश्वास दोन्हीकडे नव्हता.

१९/
पुढच्या पिढीने मात्र नियोजनात कसूर केली नाही. १८८३ पासून हार्मनी बोरॅक्स वर्क्स येथील टाकणखार मोहावीच्या रेल्वेस्थानकापर्यंत गाड्यांतून जाऊ लागला. अंतर सुमारे २६५ किलोमीटर, प्रवास साधारण १० दिवसांचा. ‘वीस खेचरांची जोडी’ म्हणून गाजलेल्या या ताफ्यात बहुधा १८ खेचरे आणि २ घोडे असत. टाकणखाराच्या दोन अवजड गाड्यांमागे तिसरी गाडी असे, ती सुमारे ४,५०० लिटर पाण्याची टाकी. जेथे झरा नाही तेथील मुक्कामासाठी पाणी बरोबर न्यायचे, हा धडा आता पुरता गिरवला गेला होता.

२०/
ऋतूपुढे कारखान्यालाही नमावे लागले. उन्हाळ्यात दरीत इतकी उष्णता असे की द्रावण थंड होऊन त्यात टाकणखाराचे स्फटिकच धरत नसत. म्हणून त्या महिन्यांत काम दरीबाहेर, अधिक उंचीवरील अमारगोसाच्या कारखान्यात चाले. उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्यात खाली, हा टिंबिशांचाच क्रम. यंत्रे आणि भांडवल घेऊन आलेल्यांनाही अखेर तोच स्वीकारावा लागला.

२१/
विसाव्या शतकात खनिजाची जागा पर्यटकाने घेतली. बॉब आइखबाम याने १९२६ मध्ये पथकर आकारून मोटारींसाठी रस्ता खुला केला आणि स्टोव्हपाइप वेल्स येथे मुक्कामाची सोय केली. १ फेब्रुवारी १९२७ रोजी टाकणखार कंपनीने फर्नेस क्रीक इन हे हॉटेल उघडले. ते हिवाळ्यात चाले आणि उन्हाळ्यात बंद राही. ज्या महिन्यांत मॅनली येथे तहानेने तळमळला, त्याच महिन्यांत आता सुखवस्तू पाहुणे उबदार उन्हासाठी येऊ लागले. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

२२/
संरक्षणाची ही चळवळ एकट्या दरीपुरती नव्हती. दक्षिणेकडील जोशुआ वृक्षांचा प्रदेश लोक बागांसाठी ओरबाडत होते. मिनर्व्हा हॉइट या महिलेने वाळवंटी वनस्पतींची प्रदर्शने भरवून लोकमत जागे केले आणि १९३६ मध्ये जोशुआ ट्री राष्ट्रीय स्मारक झाले. ३१ ऑक्टोबर १९९४ च्या एकाच कायद्याने डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही राष्ट्रीय उद्याने झाली आणि त्यांच्या दरम्यान मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र निर्माण झाले. आजच्या हिवाळी फेरीचा आराखडा बऱ्याच अंशी याच कायद्यावर उभा आहे.

२३/
या साऱ्यात मूळ रहिवाशांचे काय झाले? १९३६ मध्ये टिंबिशांना फर्नेस क्रीकजवळ अवघ्या ४० एकरांवर मातीच्या विटांची घरे बांधून देण्यात आली. पुढे रिकाम्या दिसणाऱ्या घरांवर पाण्याचे झोत सोडून ती पाडण्यात आली. उन्हाळ्यात डोंगरावर गेलेले कुटुंब परत येणार असते, हे या धोरणाला मान्य नव्हते. जो ऋतुक्रम दरीत जगण्याची किल्ली होता, तोच बेघर होण्याचे कारण ठरला. लोक तरीही हटले नाहीत. १९८३ मध्ये त्यांना संघराज्याची मान्यता मिळाली आणि २००० च्या कायद्याने फर्नेस क्रीक येथील सुमारे ३०० एकरांसह एकूण सुमारे ७,७०० एकर भूमी त्यांच्या हवाली झाली.

२४/
वाट चुकण्याचा धोका आजही संपलेला नाही. उद्यानाचे प्रशासन प्रवाशांना बजावते की केवळ मोबाइलवरील मार्गदर्शनावर विसंबू नये. ते बंद किंवा गाडीला न झेपणाऱ्या रस्त्यावरही नेऊ शकते. दरीच्या बऱ्याच भागात मोबाइलला संपर्कही मिळत नाही. माणशी दररोज किमान चार लिटर पाणी बरोबर असावे, कागदी नकाशा असावा आणि निघण्याआधी रस्त्यांची ताजी स्थिती पाहावी. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या अवशेषांनी एका दिवसात ५.५ सेंटिमीटरहून अधिक पाऊस पाडला. येथे वर्षभरातही साधारण तेवढाच पडतो. रस्ते वाहून गेले आणि उद्यान जवळपास दोन महिने बंद राहिले.

२५/
त्या पावसाने बॅडवॉटरच्या मिठागरावर एक उथळ सरोवर साचले. हिमयुगात तेथे प्रचंड जलाशय होता. अभ्यासकांनी त्याला ‘लेक मॅनली’ असे नाव दिलेले आहे. २०२४ च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, लोक त्या पाण्यावर छोट्या होड्या वल्हवत होते. जवळच, झब्रिस्की पॉइंटसमोर, ‘मॅनली बीकन’ नावाचा सुळका उभा आहे आणि पॅनामिंट रांगेत एका शिखराला रॉजर्सचे, दुसऱ्याला बेनेटचे नाव आहे. फर्नेस क्रीकपाशी टिंबिशांचे गाव आहे. ज्यांच्या हातातील नकाशात ही दरीच नव्हती, त्यांची नावे आज तिच्या नकाशावर आहेत; आणि ज्यांना नकाशाची कधी गरजच पडली नाही, ते अजून तेथे राहत आहेत.